तेरेझीनचा चित्रवर्ग : कलोपचाराच्या इतिहासातील एक प्रकरण

युद्ध, हद्दपारी, कारावास अथवा आप्तांचा वियोग यांच्या आघाताने खचलेले मन चित्र, शिल्प इत्यादी कलांच्या साहाय्याने सावरण्याचा जो पद्धतशीर प्रयत्न केला जातो, त्यास ‘कलोपचार’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. या उपचारपद्धतीचा इतिहास सांगताना सामान्यतः दोन आरंभबिंदू दाखविले जातात. पहिला ब्रिटनमधील. एड्रियन हिल हे चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडून ससेक्स परगण्यातील मिडहर्स्टच्या आरोग्यधामात दाखल झाले. अंथरुणावर पडल्यापडल्या चित्रे काढण्याने आपल्याला उभारी येते, असा अनुभव आल्यावर त्यांनी सहरुग्णांना, आणि युद्ध सुरू झाल्यावर तेथे आलेल्या सैनिकांनाही, चित्रकलेकडे वळविले. ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग त्यांनी १९४२ साली केला आणि १९४५ साली ‘आर्ट व्हर्सस इलनेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरा आरंभबिंदू अमेरिकेतील. मार्गारेट नॉमबर्ग यांनी १९४१ पासून न्यूयॉर्क येथील मनोरोगचिकित्सा संस्थेत मुलांच्या स्वैर चित्रांचा अभ्यास केला आणि चित्र ही अबोध मनाची भाषा आहे, या मनोविश्लेषणातील तत्त्वावर आपल्या पद्धतीची उभारणी केली.

हे दोन्ही प्रवाह रुग्णालयात उगम पावले. परंतु कलोपचारास येऊन मिळालेला एक तिसरा प्रवाहही आहे, आणि त्याचा उगम चित्रकलेच्या वर्गात आहे. व्हिएन्ना, वायमार, प्राग आणि तेरेझीन असा त्याचा मार्ग असून न्यूयॉर्कमध्ये त्यास शास्त्रीय रूप मिळाले. या प्रवाहाच्या मध्यभागी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस (१८९८–१९४४) या चित्रकर्तीचे कार्य आहे. नाझींच्या बंदिवासात त्यांनी मुलांसाठी चालविलेला चित्रवर्ग आज जगभर ओळखला जातो. पण त्याची कीर्ती जितकी पसरली, तितके त्याचे स्वरूप धूसर झाले. कोणी त्या चित्रांकडे केवळ अत्याचाराचा पुरावा म्हणून पाहतो, तर कोणी त्यांत ‘कलेने दुःखावर मिळविलेला विजय’ पाहून समाधान मानतो. प्रस्तुत निबंधात या दोन्ही दृष्टींपासून दूर राहून, त्या वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले जात होते आणि त्यास ‘उपचार’ हे नाव कोणत्या अर्थाने देता येईल, या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

१. व्हिएन्ना आणि वायमार

फ्रीडल डिकर यांचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी व्हिएन्ना येथे एका सामान्य स्थितीतील ज्यू कुटुंबात झाला. त्या चार वर्षांच्या असताना मातेचे निधन झाले. वडील कागद व लेखनसाहित्याच्या दुकानात काम करीत. आरंभी छायाचित्रण आणि नंतर वस्त्रकला यांचे शिक्षण घेत असताना व्हिएन्नाच्या कलाशाळेत त्यांचा फ्रान्झ चिझेक यांच्याशी संबंध आला. चिझेक यांनी १८९७ पासून मुलांसाठी एक स्वतंत्र चित्रवर्ग चालविला होता. मुलाचे चित्र हे प्रौढांच्या चित्राची अपुरी नक्कल नसून त्यास स्वतःचे नियम आणि स्वतःचे मूल्य असते, हा विचार युरोपात रुजविण्याचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते.

याहून खोल संस्कार योहानेस इटेन यांचा झाला. १९१६ साली डिकर त्यांच्या व्हिएन्नातील खाजगी शाळेत दाखल झाल्या आणि १९१९ साली इटेन यांना वायमार येथे नव्याने स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाविद्यालयात बोलावणे आले, तेव्हा त्यांच्यासमवेत गेलेल्या विद्यार्थ्यांत त्याही होत्या. इटेन यांची शिक्षणपद्धती त्या काळी विलक्षण मानली जाई. वर्गाचा आरंभ श्वसनाच्या व शरीर सैल करण्याच्या व्यायामाने होई. त्यानंतर हाताला लयीत फिरवून रेषा काढावयाच्या. पुढे प्रकाश आणि छाया, खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलके अशा विरोधी गुणांचा अभ्यास करावयाचा. आणि शेवटी जुन्या थोर चित्रकारांच्या कृतींचे, त्यांतील विषयाचे नव्हे तर रचनेचे, विश्लेषण करावयाचे. जुन्या चित्रांच्या या विश्लेषणाविषयीचे इटेन यांचे लेखन १९२१ साली वायमार येथे ‘उटोपिया’ या प्रकाशनात आले, तेव्हा त्याच्या मुद्राक्षर-रचनेत डिकर यांचा हात होता.

भारतीय अभ्यासकांना हे वर्तुळ सर्वस्वी अपरिचित नाही. व्हिएन्नात कलेतिहासाचे शिक्षण घेऊन भारतात आलेल्या स्टेला क्रॅमरिश यांनी इटेन यांच्याशी पत्रव्यवहार केला होता आणि डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या प्रदर्शनात इटेन, क्ले, कँडिन्स्की इत्यादी बाउहाउसच्या कलावंतांच्या कृती मांडल्या गेल्या होत्या. त्या प्रदर्शनामागे नव्या चित्रशैलीइतकाच एक शिक्षणविचारही उभा होता, हे मात्र क्वचितच ध्यानात घेतले जाते.

१९२३ साली वायमार सोडल्यानंतर डिकर यांनी वास्तुरचनाकार फ्रान्झ सिंगर यांच्या भागीदारीत व्हिएन्ना येथे गृहसजावटीचे कार्यालय चालविले. घडीचे व एकात एक बसणारे फर्निचर, थोड्या जागेचा अनेक प्रकारे उपयोग ही त्या कार्यालयाची वैशिष्ट्ये होत. गोएटेहोफ या कामगार वसाहतीतील माँटेसरी बालमंदिराची सजावट हे त्यांच्या उल्लेखनीय कामांपैकी एक होय. १९३१ च्या सुमारास बालशिक्षिकांना चित्रकला शिकविण्याचे कामही डिकर यांच्याकडे आले. मुलांचे चित्र, मुलांची जागा आणि मुलांना शिकविणारी व्यक्ती या तिन्ही गोष्टींचा विचार त्यांनी बंदिवासापूर्वी कितीतरी आधी केलेला होता. तेरेझीनचा वर्ग ही संकटकाळी अकस्मात सुचलेली युक्ती नव्हती.

२. प्राग : निर्वासितांची मुले

फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियातील कामगारांचा उठाव मोडून काढण्यात आला. कम्युनिस्ट चळवळीशी संबंध असलेल्या डिकर यांनाही अटक झाली, त्यांची चौकशी झाली आणि सुटकेनंतर त्या प्रागला निघून गेल्या. तेथे त्यांनी ॲनी राइश यांच्याकडे स्वतःचे मनोविश्लेषण करून घेतले. याच काळात त्यांनी आपल्या चौकशीच्या प्रसंगावर चित्रे रंगविली. स्वतःवर गुदरलेला प्रसंग चित्ररूपाने समोर ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पुढे मुलांना शिकविताना त्यांनी वेगळा मार्ग स्वीकारला, तो या अनुभवानंतरचा आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

जर्मनी व ऑस्ट्रियातून पळून आलेल्या कुटुंबांची मुले त्या वेळी प्रागमध्ये मोठ्या संख्येने होती. डिकर यांनी त्यांच्यासाठी चित्रवर्ग सुरू केला. व्हिएन्नाहून त्यांच्यामागोमाग आलेली एडिथ क्रामर (१९१६–२०१४) ही त्यांची तरुण विद्यार्थिनी या वर्गात साहाय्यक होती. दडपणाखाली असलेली मुले चित्रांत कशी वागतात, याचे पहिले निरीक्षण क्रामर यांना येथेच घडले. काही मुले आपल्या वयाहून लहान मुलासारखी चित्रे काढू लागत. काही एकच ठराविक आकृती पुनःपुन्हा गिरवीत. काहींच्या हातून केवळ रंगांचा चिखल होई. तर काही मुले ज्यांच्या भयाने घर सोडावे लागले त्यांचेच सामर्थ्य चित्रांत मिरवीत. पुढे न्यूयॉर्कच्या मुलांतही हेच प्रकार त्यांना दिसावयाचे होते. कलोपचारातील एक महत्त्वाचे वर्गीकरण अशा रीतीने रुग्णालयात नव्हे, तर निर्वासितांच्या वस्तीतील शिकवणीत आकारास येऊ लागले.

१९३६ साली डिकर यांनी आपल्या नात्यातील पावेल ब्रँडाइस यांच्याशी विवाह केला. १९३८ साली हे दांपत्य बोहेमियातील ह्रोनोव या लहान गावी राहावयास गेले. त्याच वर्षी क्रामर अमेरिकेस निघून गेल्या. डिकर यांनाही पॅलेस्टाइनला जाण्याचा परवाना मिळाला होता. परंतु त्यांनी तो वापरला नाही. १७ डिसेंबर १९४२ रोजी पतिपत्नींची रवानगी तेरेझीनला झाली. प्रत्येकास ५० किलो सामान नेण्याची मुभा होती. डिकर यांनी त्या वजनात शक्य तितके चित्रकलेचे साहित्य बसविले.

३. तेरेझीनमधील परिस्थिती

प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेले तेरेझीन हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट दुसरा जोसेफ याने बांधलेले आणि आपल्या मातेचे, मारिया थेरेसाचे, नाव दिलेले तटबंदीचे गाव. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझींनी त्याचे रूपांतर ज्यूंच्या घेट्टोत, म्हणजे कोंडवाडावजा वस्तीत केले. पूर्वी सैनिक व नागरिक मिळून सुमारे सात हजार माणसे जेथे राहत, तेथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० हून अधिक कैदी कोंबलेले होते. एकूण सुमारे १,४०,००० माणसे येथे आणली गेली. त्यांपैकी सुमारे ३३,००० माणसे उपासमार व रोगराई यांमुळे तेथेच मरण पावली आणि सुमारे ८८,००० माणसांना पूर्वेकडील मृत्युछावण्यांत व अन्य ठिकाणी पाठविण्यात आले.

वस्तीचा दैनंदिन कारभार ज्यू कैद्यांच्या मंडळाकडे होता. या मंडळाने मुलांना शक्य तेथे प्रौढांच्या बराकींतून काढून ‘बालगृहां’त ठेवण्याचा निर्णय घेतला. ‘एल ४१०’ ही इमारत चेक मुलींची, तर ‘एल ४१७’ ही मुलांची होती. एकेका खोलीत तीन मजली लाकडी फळ्यांवर वीसतीस मुले झोपत. शाळा भरविण्यास बंदी होती. तथापि गाणे, चित्रे काढणे, हस्तव्यवसाय यांस मनाई नव्हती. या फटीचा उपयोग करून शिक्षकांनी गुप्तपणे भाषा, इतिहास, गणित शिकविले. मुलांनी हस्तलिखित नियतकालिके काढली. हान्स क्रासा यांची ‘ब्रुंडिबार’ ही बालसंगीतिका सप्टेंबर १९४३ पासून पन्नासहून अधिक वेळा सादर झाली. डिकर यांचा चित्रवर्ग या व्यापक प्रयत्नाचा भाग होता. तो एकट्या व्यक्तीचा चमत्कार म्हणून सांगणे इतिहासाला धरून होणार नाही.

४. चित्रवर्गाचे स्वरूप

डिकर मुलींच्या ‘एल ४१०’ या बालगृहातच राहत आणि तेथे व अन्य बालगृहांतही वर्ग घेत. कागद दुर्मीळ असल्यामुळे जुन्या कचेऱ्यांतील छापील तक्ते, पाठकोरे कागद, वेष्टनाचे कागद यांचा उपयोग होई. आज उपलब्ध असलेल्या अनेक चित्रांत हिशेबाच्या तक्त्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात. कित्येक चिकटचित्रांत त्या रेघांनाच शेत, भिंत किंवा पाणी यांचे रूप दिलेले आहे.

वर्गातील अभ्यासांचा क्रम पाहिला की इटेन यांच्या शिकवणीची आठवण होते. आरंभी तालावर हात सैल करून लयबद्ध रेषा काढावयाच्या. कधी शिक्षिकेने भराभर वस्तूंची नावे सांगावयाची आणि मुलांनी त्या क्षणात टिपावयाच्या. नंतर समोर ठेवलेल्या साध्या वस्तूचा अभ्यास. कागद फाडून व चिकटवून केलेली रचना. प्रकाश आणि छाया यांचे प्रयोग. काही वेळा जुन्या चित्रकारांच्या कृतींच्या प्रतिमा समोर ठेवून त्यांतील आकारांची मांडणी रंगीत कागदांनी पुन्हा उभी करावयाची. खिडकीतून दिसणारे आकाश, डोंगर, झाडे हाही अभ्यासाचा विषय असे. त्याशिवाय मुलांना मोकळीक दिलेला वेळ असे आणि त्यात ती मनास येईल ते काढीत.

मोकळ्या वेळातील चित्रांचे विषय लक्षणीय आहेत. घर, बाग, फुले, मांडलेले जेवणाचे टेबल, प्रवास, प्राणी, परीकथेतील प्रसंग हे पुनःपुन्हा येतात. बराकीतील फळ्या, अन्नासाठी लागलेली रांग, आजाऱ्यांची खोली, पहारेकरी, अंत्ययात्रा यांचीही चित्रे आहेत. परंतु त्यांचे प्रमाण तुलनेने कमी आहे. याच वस्तीत असलेल्या हेल्गा वाइसोव्हा (जन्म १९२९) या मुलीला तिच्या वडिलांनी ‘जे दिसते ते काढ’ असे सांगितले होते आणि तिने काढलेली सुमारे शंभर चित्रे तेथील जीवनाचा अमोल दस्तऐवज ठरली आहेत. साक्ष ठेवणे हाही मनुष्याला सावरून धरणारा एक मार्ग आहे, हे तिच्या उदाहरणावरून दिसते. डिकर यांचा मार्ग त्याहून भिन्न होता. दुःखाचे चित्र काढा असे त्यांनी मुलांना सांगितले नाही आणि काढू नका असेही सांगितले नाही. विषयाची निवड मुलाची. शिक्षिकेची जबाबदारी रेषा, रंग, रचना आणि पाहण्याची सवय यांपुरती, अशी ही विभागणी होती.

या भूमिकेचे तात्त्विक विवेचन डिकर यांनी स्वतः केलेले आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्या सुमारास त्यांनी बालगृहांतील शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रकलेविषयी एक व्याख्यान दिले आणि त्याचा मजकूर उपलब्ध आहे. त्याचा सारांश असा : चित्रवर्गाचा हेतू सर्व मुलांना चित्रकार बनविणे हा नसून त्यांच्यातील सर्जनशक्ती, स्वतंत्र वृत्ती, कल्पकता आणि निरीक्षणशक्ती यांना वाट करून देणे हा आहे. मोठ्यांनी आपला मार्ग मुलांवर घाईने लादू नये. तसे केल्यास मूल स्वतःच्या अनुभवापासून दुरावते. मुलाच्या चित्राचा अर्थ लावताना अतिशय सावध राहावे. मनोविश्लेषणाचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीने अर्थनिष्पत्तीविषयी ही सावधगिरी सांगावी, यास विशेष महत्त्व आहे. प्रतीकांचा उलगडा करण्यापेक्षा मुलाचे काम पुरे होण्यास साह्य करणे त्यांना अधिक आवश्यक वाटले.

आणखी एका प्रथेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मुलांनी आपल्या चित्रावर स्वतःचे नाव घालावे, असा डिकर यांचा आग्रह असे. नावाबरोबर कित्येकदा खोली, गट किंवा वय यांचीही नोंद आढळते. प्रत्येक कैद्यास वाहतुकीचा क्रमांक चिकटवून ज्या व्यवस्थेने माणसाचे यादीतील आकड्यात रूपांतर केले होते, त्या व्यवस्थेत एखाद्या दहा वर्षांच्या मुलीने कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव लिहिणे हा शिष्टाचाराचा भाग नव्हता. हे मी केले आहे, हे असे करावयाचे मी ठरविले, अशी ती नोंद होती. घर, अन्न, दिनक्रम आणि भवितव्य यांपैकी कशावरही ज्यांची सत्ता उरली नव्हती, त्यांना निर्णयाचे एक लहानसे क्षेत्र कागदाच्या चौकटीत परत मिळत होते.

५. दोन पेट्या

१९४४ च्या शरद ऋतूत, २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या एका महिन्यात, तेरेझीनहून आउश्विट्झला अकरा गाड्या गेल्या आणि त्यांतून १८,००० हून अधिक माणसांना नेण्यात आले. पहिल्याच गाडीत पावेल ब्रँडाइस होते. फ्रीडल यांनी पतीच्या मागोमाग जाण्यासाठी आपले नाव स्वतः दिले. ६ ऑक्टोबर रोजी निघालेल्या गाडीत त्या होत्या. त्यांच्या विद्यार्थिनींपैकीही काही त्याच गाडीत होत्या. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी आउश्विट्झ-बिर्केनाऊ येथे त्यांना ठार मारण्यात आले. पावेल मात्र वाचले.

निघण्यापूर्वी मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून बालगृहात लपविण्यात आली. युद्धसमाप्तीनंतर, ऑगस्ट १९४५ च्या अखेरीस, मुलींच्या बालगृहाचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या पेट्या प्राग येथील ज्यू समाजाच्या कचेरीत आणून दिल्या. त्यांत सुमारे ४,५०० चित्रे होती. ही चित्रे प्रागच्या ज्यू संग्रहालयात सुरक्षित आहेत आणि त्यांतील काही पिंकास प्रार्थनामंदिरात मांडलेली आहेत. त्याच मंदिराच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हिया येथील जवळजवळ ८०,००० बळींची नावे कोरीव लेखाप्रमाणे लिहिलेली आहेत. १९५९ साली त्यांतील निवडक चित्रे व मुलांच्या कविता ग्रंथरूपाने प्रागमध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जगाचे लक्ष प्रथम त्यांच्याकडे वेधले.

चित्रांवर नावे असल्यामुळे त्यांचे कर्ते कोण, हे वाहतुकीच्या याद्यांशी ताडून ठरविता आले. सुमारे ६६० मुलांपैकी ५५० मुले मारली गेली, असे या शोधातून निष्पन्न झाले. जी नावे मुलांनी आपल्या कर्तृत्वाची खूण म्हणून लिहिली, त्यांच्याच आधारे इतिहासकारांना मृतांची गणती करावी लागली. तेरेझीनच्या चित्रवर्गाविषयी उपचाराच्या भाषेत बोलताना हा आकडा क्षणभरही दृष्टीआड होऊ देता येत नाही.

६. न्यूयॉर्कमधील परिणती

एडिथ क्रामर १९३८ साली न्यूयॉर्कला पोहोचल्या. काही काळ त्यांनी शाळेत शिल्पकला शिकविली. युद्धकाळात यंत्रशाळेत कामगार म्हणून काम केले. १९५० साली विल्टविक येथील मुलांच्या निवासी शाळेत त्यांची नेमणूक झाली आणि तेथे त्या १९५७ पर्यंत होत्या. न्यूयॉर्क शहरातील दारिद्र्य, मारहाण व उपेक्षा यांतून आलेली आठ ते तेरा वर्षांची मुले तेथे राहत. या सात वर्षांच्या अनुभवावर आधारलेला त्यांचा ‘आर्ट थेरपी इन अ चिल्ड्रन्स कम्युनिटी’ हा ग्रंथ १९५८ साली निघाला. १९७१ साली ‘आर्ट ॲज थेरपी विथ चिल्ड्रन’ हा दुसरा ग्रंथ आला.

क्रामर यांनी साहित्याच्या वापराचे पाच प्रकार मानले : कलेपूर्वीची चाचपणी व खेळ, भावनांचा बेबंद उद्रेक, स्वसंरक्षणासाठी केलेली ठराविक आकृतींची पुनरावृत्ती, शब्दाऐवजी वापरलेली चित्रखूण, आणि अखेरीस रूपबद्ध अभिव्यक्ती. यांपैकी शेवटचा प्रकार म्हणजेच खऱ्या अर्थाने कला; आणि आघात झालेल्या मुलाला त्या टप्प्यापर्यंत जाण्यास साह्य करणे हेच उपचारकाचे मुख्य कार्य होय, असा त्यांचा सिद्धांत आहे. केवळ रंग फेकून मनातील क्षोभ बाहेर काढल्याने तो शमतोच असे नाही. उलट तो वाढूही शकतो. क्षोभास आकार देण्याचे श्रम केले, तर त्याचे उदात्तीकरण होते आणि ज्या शक्तीने मन फोडले जात होते तीच शक्ती रचनेच्या कामी येते. मुलाचे साहित्य, तंत्र वा धीर कमी पडेल तेथे उपचारकाने मदत करावी, पण चित्रावर आपली शैली लादू नये. या कौशल्यास त्यांनी पुढे ‘तिसरा हात’ असे नाव दिले.

नॉमबर्ग आणि क्रामर यांच्यातील मतभेद कलोपचाराच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. नॉमबर्ग यांच्या मते चित्र हे अबोध मनाशी संवाद साधण्याचे साधन असून रुग्णाने त्यावर बोलणे, त्याचा अर्थ ओळखणे यांतून उपचार घडतो. क्रामर यांच्या मते चित्र घडविण्याच्या क्रियेतच उपचाराचे सामर्थ्य आहे. हा मतभेद बहुधा मनोविश्लेषणातील दोन दृष्टींचा वाद म्हणून मांडला जातो. परंतु त्यामागील ऐतिहासिक वारसा पाहिला, तर त्याचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. फ्रॉइडप्रणीत ‘उदात्तीकरण’ ही संज्ञा क्रामर यांनी स्वीकारली खरी. पण त्या संज्ञेत त्यांनी जो आशय भरला, तो लय, विरोध, निरीक्षण आणि रचना यांच्या त्या शिस्तीतून आलेला होता, जी त्यांनी व्हिएन्ना व प्राग येथे डिकर यांच्याकडून आत्मसात केली होती. मानसशास्त्राने कलेचा उपयोग करून घेतला, एवढेच येथे घडले नाही. एका कलाशिक्षणपद्धतीने मानसशास्त्राची परिभाषा आपल्या अनुभवासाठी वापरली.

७. उपसंहार : ‘उपचार’ या शब्दाची मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तेरेझीनच्या चित्रवर्गास कलोपचार म्हणता येईल काय? काटेकोर वैद्यकीय अर्थाने म्हणता येणार नाही. आघात ही भूतकाळात घडून गेलेली घटना असते आणि रुग्ण सुरक्षित स्थळी पोहोचल्यानंतर उपचार सुरू होतो, असे आधुनिक चिकित्सेत गृहीत धरलेले असते. आघातानंतरच्या ताणाच्या विकारास अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले, तेही याच गृहीतावर. तेरेझीनमध्ये आघात संपलेला नव्हता. तो रोज घडत होता आणि पुढे आणखी भीषण रूपात घडावयाचा होता. जखम होत असतानाच तिला बरे करता येत नाही.

पुराव्याच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. वर्गाच्या परिणामांविषयी ज्या आठवणी उपलब्ध आहेत, त्यांतील बहुतेक अनेक दशकांनंतर नोंदविलेल्या असून त्या केवळ वाचलेल्यांच्या आहेत. पुढे अमेरिकेत बालमनोविश्लेषक झालेल्या एर्ना फर्मन या अशा साक्षीदारांपैकी एक. डिकर यांच्यासमवेत चित्रे काढण्यात घालविलेला वेळ ही आयुष्यातील अत्यंत प्रिय आठवण असल्याचे त्यांनी नमूद केले. तेरेझीनमुळे त्या आठवणीला वेदनेची किनार आली, पण तो आनंद जगात कोठेही तसाच झाला असता, असे त्यांचे म्हणणे होते. मनोविश्लेषणाचे शास्त्र जाणणाऱ्या साक्षीदाराने येथे ‘उपचार’ हा शब्द पुढे न करता शिकण्याच्या आनंदाचा उल्लेख करावा, ही गोष्ट सूचक आहे. आजही आघातग्रस्तांसाठी कलोपचाराचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होत असला, तरी त्याच्या परिणामांविषयीचे नियंत्रित प्रयोग संख्येने मर्यादितच आहेत. म्हणून भावनेच्या भरात त्यास सर्वसमर्थ ठरविणे योग्य होणार नाही.

तथापि या मर्यादा मान्य केल्यावरही जे उरते, ते लहान नाही. आघाताने मनुष्याचे तीन प्रकारे नुकसान होते : तो आपल्या कृतीचा कर्ता राहत नाही, त्याच्या अनुभवाला आकार राहत नाही आणि त्याच्याकडे व्यक्ती म्हणून पाहणारे कोणी राहत नाही. डिकर यांच्या वर्गात या तिन्ही हानींना अगदी ठोस उत्तर दिले जात होते. विषयाची निवड आणि नावाची स्वाक्षरी यांनी मुलाला कर्तेपण दिले. लय व रचना यांच्या अभ्यासाने अनुभवाला आकार दिला. आणि मुलाच्या चित्राकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्या शिक्षिकेने त्यास व्यक्ती म्हणून ओळखले. क्रामर यांनी पुढे ज्याचे शास्त्र बनविले, ते हेच. सुरक्षित जगात पोहोचलेल्या मुलांसाठी ते उपचार ठरले. ज्यांना त्या जगात पोहोचता आले नाही, त्यांच्यासाठी तो उपचार नव्हता; तो मृत्यूपूर्वी मिळालेला, माणूस म्हणून जगण्याचा वेळ होता.

या भेदाचा विसर पडू न देणे हे कलोपचाराच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे. तेरेझीनच्या मुलांचे उदाहरण देऊन कला मनुष्याला वाचविते असे विधान करणे सोपे आहे. पण त्या विधानात ५५० मुलांचे मरण झाकले जाते. कलेने त्यांना वाचविले नाही. वाचविण्याचे काम चित्रकलेचे नव्हते. ते शेजाऱ्यांचे, राज्यांचे आणि सीमा बंद करून बसलेल्या देशांचे होते, आणि त्यांनी ते केले नाही. चित्रकला जे करू शकत होती, तेवढे एका शिक्षिकेने पाठकोऱ्या कागदांवर जवळजवळ दोन वर्षे अखंड केले. कलोपचाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही त्या कागदांवर, मुलांच्या सह्यांसह, नोंदलेली आहेत.